अक्षरे वाचली म्हणून डोळा वाचला काय?

एच.आय.व्ही.ची बाधा झालेल्या माणसाच्या डोळ्यांची तपासणी म्हणजे काय? पुष्कळांच्या मते त्यास सहा मीटरवर टांगलेल्या तक्त्यावरची अक्षरे वाचावयास लावणे आणि खालची ओळ वाचता आली की त्याच्या कागदावर 'दृष्टी ठीक' असा शेरा मारून त्यास घरी पाठविणे. ही समजूत इतकी रुळली आहे की तिच्याविरुद्ध बोलणाराच विक्षिप्त ठरावा. आम्ही तो विक्षिप्तपणा पत्करतो आणि स्पष्ट सांगतो की ही समजूत चुकीची असून घातक आहे. तिच्यापायी ज्यांचे डोळे जातात त्यांची बाजू घेऊन ओरड करणारा सहसा कोणी नसतो, कारण हा रोग झाल्याचे उघडपणे सांगण्याचीच त्यांना चोरी असते. म्हणून ही ओरड या पानावरून करणे प्राप्त आहे.

प्रथम रोग कोणता ते नीट समजून घेतले पाहिजे. सायटोमेगॅलो या नावाचा एक विषाणू आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात तो लहानपणीच येऊन राहिलेला असतो. निरोगी माणसास तो सहसा त्रास देत नाही, कारण शरीरातील संरक्षक पेशी त्यास डोके वर काढू देत नाहीत. या संरक्षक पेशींपैकी सी.डी.-४ नावाच्या पेशी एच.आय.व्ही. हळूहळू नष्ट करतो. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या साधारणतः ५०० ते १५०० असतात. उपचार न मिळाल्यास वा सुटल्यास त्या वर्षानुवर्षे घटत जातात. त्या १०० च्या खाली आणि विशेषेकरून ५० च्या खाली उतरल्या की तो झोपलेला विषाणू जागा होतो, रक्तावाटे डोळ्याच्या मागील पडद्यापर्यंत, म्हणजे दृष्टिपटलापर्यंत पोचतो, आणि पडद्याच्या पेशी मारीत पुढे सरकू लागतो. डोळा दुखत नाही. लाल होत नाही. खाज येत नाही. कधी डोळ्यांसमोर काळे ठिपके किंवा जाळी तरंगते, कधी वीज चमकल्यासारखे होते; आणि पुष्कळांना आरंभी यांपैकी काहीच जाणवत नाही. पडद्याचा जो भाग मेला तो पुन्हा जिवंत होत नाही. जेथे तो विरून पातळ होतो तेथे भोके पडून सबंध पडदाच सुटून येण्याचे भय असते.

१९९६ पूर्वी, म्हणजे आजची गुणकारी औषधे हाती येण्यापूर्वी, पाश्चात्त्य देशांत एड्सच्या सुमारे ३० टक्के रुग्णांना हा डोळ्याचा रोग गाठीत असे. आपल्या देशात एच.आय.व्ही.चे पहिले निदान १९८६ साली मद्रासला झाले, आणि १९९५ साली त्याच शहरातील शंकर नेत्रालयाच्या डॉक्टरांनी एड्सच्या दोन भारतीय रुग्णांच्या डोळ्यांतील विकृतींचे पहिले वृत्त वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. म्हणजे ही बाब काल-परवा कळलेली नाही.

आता तक्त्याकडे वळू. बारीक अक्षर ओळखण्याचे काम डोळ्याचा सबंध पडदा करीत नाही. ते काम पडद्याच्या मधोमध असलेला, जेमतेम दीड मिलिमीटर व्यासाचा एक ठिपका करतो. बाकीचा पडदा आजूबाजूचे पाहतो. रस्ता ओलांडताना बाजूने येणारी गाडी तो दाखवितो, अंधारात उंबरठा दाखवितो, ताटाशेजारचा पाण्याचा पेला दाखवितो. विषाणूने या आजूबाजूच्या भागात कोठेही ठाण मांडले असले, तरी मधला ठिपका शाबूत आहे तोवर रुग्ण तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचून दाखवील आणि त्याच्या कागदावर ६/६ असा पूर्ण गुणांचा आकडा पडेल! आमच्या वाचकांना याहून सोपा दाखला हवा असेल तर असा घ्या. गावच्या मधल्या चौकात कंदील नीट जळतो आहे एवढे पाहून कोणी तलाठ्याने लिहून द्यावे की गावात कोठेही आग लागलेली नाही; आणि त्याच वेळी गावकुसाबाहेरच्या वस्तीतील झोपड्या एकामागून एक पेटत असाव्यात. गावकुसाबाहेर काय चालले आहे ते चौकातून दिसत नाही, हे आमच्या लोकांना कोणी नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

आग चौकात येऊन पोचली म्हणजे मात्र तक्ता खरे बोलू लागतो. त्या दिवशी रुग्णास वरची दोन अक्षरेही दिसत नाहीत आणि डॉक्टर म्हणतात, "फार उशीर केलात." उशीर कोणी केला? मागील भेटीत ज्याने तक्ता वाचून दाखविला आणि 'ठीक आहे' हे उत्तर ऐकून जो समाधानाने परत गेला, त्याने?

येथे एक गमतीची, परंतु उद्बोधक ऐतिहासिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अक्षरांचा हा तक्ता हर्मन स्नेलेन या डच नेत्रवैद्याने १८६२ साली तयार केला. बाहुलीतून प्रकाश टाकून डोळ्याचा पडदा प्रत्यक्ष पाहण्याचे साधन मात्र हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने त्याच्या ११ वर्षे आधी, १८५१ साली जगापुढे ठेवले होते. पडदा पाहण्याची विद्या तक्त्याहून जुनी आहे. तिला पावणेदोनशे वर्षे होत आली. तेव्हा पडदा पाहणे ही नवलाईची, परदेशी, श्रीमंतांनाच परवडणारी चैन आहे असे जे भासविले जाते त्यात काहीही तथ्य नाही. बाहुली मोठी करणारे थेंब डोळ्यांत घालावयाचे, वीस ते तीस मिनिटे थांबावयाचे, आणि डोक्याला बांधलेल्या दिव्याने व हातातील भिंगाने पडद्याच्या कडेपर्यंत नजर फिरवावयाची, एवढेच ते काम आहे. सुई नाही, चीर नाही, वेदना नाही. थेंबांमुळे काही तास जवळचे अंधुक दिसते आणि उन्हाचा त्रास होतो.

दृष्टी मोजू नये असे आमचे म्हणणे नाही. जरूर मोजावी, आणि प्रत्येक डोळा दुसरा झाकून निराळा मोजावा. कारण दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचविले तर एका आंधळ्या होत चाललेल्या डोळ्याचे पाप दुसरा डोळा झाकून टाकतो. पूर्वीपेक्षा दृष्टी उतरली असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे धाव घेतली पाहिजे. तक्त्याने 'बिघाड आहे' असे सांगितले तर ते मानावे. तक्त्याने 'बिघाड नाही' असे सांगितले तर ज्याच्या सी.डी.-४ पेशी १०० च्या खाली आहेत त्याच्या बाबतीत ते मुळीच मानू नये. आमचा सारा वाद या एका वाक्यापुरता आहे.

यावर आक्षेप येतात. ते आम्ही ऐकले आहेत आणि त्यांतील प्रत्येकाला उत्तर देण्यास आम्ही तयार आहोत.

पहिला आक्षेप असा की काहीच नसण्यापेक्षा तक्ता बरा. हे ऐकावयास शहाणपणाचे वाटते. परंतु ज्याची तपासणीच झाली नाही त्या माणसाच्या मनात निदान शंका जिवंत राहते. डोळ्यांसमोर जाळी आली तर तो घाबरून दवाखाना गाठतो. ज्याला 'डोळे उत्तम' असा लेखी शेरा मिळाला तो जाळी आली तरी उन्हाचा दोष म्हणेल, अशक्तपणा म्हणेल, आणि महिनाभर थांबेल. त्या महिन्यात पडदा थांबणार नाही. खोटा दिलासा हा अज्ञानापेक्षा महाग पडतो.

दुसरा आक्षेप आहे की आता हा रोग विरळ झाला आहे. १ एप्रिल २००४ पासून शासन एच.आय.व्ही.ची औषधे मोफत देऊ लागले आणि २०१७ पासून तर निदान होताच, पेशींची संख्या न पाहता, औषध सुरू करण्याचे धोरण आले. हे खरे आहे आणि आम्हांस त्याचा आनंद आहे. परंतु ज्याचे निदानच उशिरा होते त्याचे काय? ज्याने गाव सोडून वीटभट्टीवर जाताना औषध मध्येच सोडले आणि जो वर्षभराने हाडांचा सापळा होऊन परत आला त्याचे काय? रोग विरळ झाला तो वेळेवर आलेल्यांसाठी. उशिरा आलेल्यासाठी तो जसाच्या तसा आहे. आणि मजा अशी की हाच आक्षेप आमची मागणी सोपी करतो! सर्व रुग्णांचे पडदे दर महिन्यास पाहा असे कोण म्हणते? ज्यांच्या पेशी १०० च्या खाली आहेत एवढ्यांचेच पाहा. औषध सुरू करतानाच पाहा, आणि त्या वर चढेपर्यंत दर तीन महिन्यांनी पुन्हा पाहा. असे लोक थोडे आहेत असे आपणच म्हणता. मग थोड्यांसाठी थोडेही करवत नाही काय?

'औषध सुरू करतानाच' हे शब्द आम्ही मुद्दाम घातले आहेत. एच.आय.व्ही.ची औषधे लागू पडून संरक्षक पेशी परत वाढू लागल्या म्हणजे, डोळ्यात आधीच विषाणू असल्यास, त्या त्याच्यावर तुटून पडतात आणि डोळ्याच्या आत दाह माजतो. रुग्ण बरा होत असताना त्याची दृष्टी बिघडते. आधी कोणी पडदा पाहिलेला नसेल तर रुग्ण या बिघाडाचे खापर औषधावर फोडतो आणि तेच औषध सोडून देतो, म्हणजे मग डोळ्याबरोबर प्राणही पणाला लागतो.

तिसरा आक्षेप नेत्रतज्ज्ञांच्या टंचाईचा. या आक्षेपात तथ्य आहे, परंतु तो ज्यांच्याकडून येतो त्यांनी दुसऱ्या रोगांच्या बाबतीत काय केले ते पाहावे. मधुमेहाच्या रुग्णास तक्ता वाचता येतो म्हणून त्याचा पडदा निर्दोष आहे असे आज कोणताही जबाबदार डॉक्टर म्हणणार नाही. त्याने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा हा सर्वमान्य दंडक आहे. अकाली जन्मलेल्या बालकांच्या पडद्यालाही विकार होतो. त्यांना तर तक्ता वाचताच येत नाही! म्हणून कर्नाटकात २००८ पासून नारायण नेत्रालयाच्या योजनेत प्रशिक्षित तंत्रज्ञ जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन अर्भकांच्या पडद्याची छायाचित्रे काढतात आणि दूर बसलेला तज्ज्ञ ती पाहून निर्णय देतो. थायलंडमध्ये चियांग माई येथे हाच मार्ग एच.आय.व्ही.च्या रुग्णांसाठी चोखाळून पाहण्यात आला. २००७ साली डॉ. डेव्हिड हेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'प्लॉस मेडिसिन' या नियतकालिकात या रोगास एड्सच्या साथीतील दुर्लक्षित रोग म्हटले. त्यांचा आग्रह असा की एड्सच्या रुग्णांना रोज तपासणाऱ्या साध्या डॉक्टरांनाच पडदा पाहावयास शिकवावे, नेत्रतज्ज्ञाची वाट पाहत बसू नये. पडद्यावरील या रोगाचे पांढरेपिवळे चट्टे आणि त्यांतील रक्ताचे डाग ओळखणे ही शिकविता येण्यासारखी गोष्ट आहे. तज्ज्ञ कमी आहेत म्हणून तपासणी नको, असे म्हणणे म्हणजे शिक्षक कमी आहेत म्हणून शाळा नको असे म्हणण्यासारखे आहे. आणि तसे म्हणणारे लोक आमच्या आजोबांच्या पिढीने पुष्कळ पाहिले.

शाळेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक कटू गोष्ट बोलून टाकू. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर शिवू दिले गेले नाही, त्यांच्या डोळ्यांची परीक्षा आज अक्षरांवर होते. निरक्षर म्हातारीपुढे अक्षरांचा तक्ता धरला आणि ती गप्प राहिली तर ती दृष्टीने गप्प आहे की लाजेने, हे कोणास कळणार? तिच्यासाठी दिशा दाखविण्याचा निराळा तक्ता असतो. तो दवाखान्यात आहे की नाही हे विचारून पाहावे.

चौथा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत निलाजरा आहे. म्हणतात, रोग सापडला तरी औषध महाग, मग शोधून उपयोग काय? या औषधाचा इतिहास आमच्या वाचकांनी पाठ करून ठेवावा. गॅन्सिक्लोव्हिर हे औषध शिरेतून किंवा थेट डोळ्यात टोचून देतात. त्याचेच तोंडाने घ्यावयाचे रूप म्हणजे व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर. प्रथम तीन आठवडे दिवसातून दोनदा, पुढे दिवसातून एकदा, आणि पेशी १०० च्या वर चढून काही महिने तेथे टिकल्या की ते थांबविता येते. मध्यंतरी रक्तातील पांढऱ्या पेशी तपासत राहावे लागते. या गोळीचे पेटंट २००७ साली चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने रोश या परदेशी कंपनीस दिले. त्याविरुद्ध कोण उभे राहिले? एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या माणसांच्या संघटना उभ्या राहिल्या. ज्यांना समाज मेलेले समजत होता ती माणसे कागदपत्रे घेऊन पेटंट कार्यालयाच्या पायऱ्या चढली. सिप्लासारख्या देशी कंपनीनेही आपली बाजू मांडली. आणि २०१० साली ते पेटंट रद्द झाले. पुढे २०१३ साली याच औषधाची किंमत १३८ देशांसाठी मोठ्या प्रमाणात उतरविण्याचा करार रोश कंपनी आणि 'मेडिसिन्स पेटंट पूल' या आंतरराष्ट्रीय संस्थेत झाला. औषध महाग आहे म्हणून हात टेकणाऱ्यांनी ही हकीकत ऐकून मान खाली घालावी. आजारी माणसांनी जो दरवाजा उघडला, त्या दरवाजातून आत जाण्याचा कंटाळा निरोग्यांनी करावा?

आता कायद्याकडे येऊ. संसदेने २०१७ साली एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा संमत केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. बाधित माणसास दवाखान्यात, नोकरीत, शाळेत, भाड्याच्या घरात भेदभावाने वागविणे या कायद्याने मना आहे. हे त्याचे सोनेरी पान. परंतु कलम १४ उघडून पाहा. निदानाच्या सोयी, एच.आय.व्ही.ची औषधे आणि दुर्बलतेचा फायदा घेऊन येणाऱ्या संसर्गांचे उपचार पुरविण्याची जबाबदारी त्यात केंद्र व राज्य शासनांवर टाकली आहे. मात्र ती टाकताना मध्ये हळूच दोन-तीन शब्द खुपसून ठेवले आहेत, ज्यांचा अर्थ 'शक्य तोवर' असा होतो. हक्क लिहावयाचा आणि त्याच ओळीत त्याला पळवाट ठेवावयाची, ही कला आमच्या परिचयाची आहे. विहीर सर्वांस खुली आहे, शक्य तोवर! देऊळ खुले आहे, शक्य तोवर! या शब्दांविरुद्ध विधेयकाच्या वेळी रुग्णांच्या संघटनांनी आवाज उठविला होता, तरी ते राहिले.

ठीक आहे, शब्द आहेत तर त्यांचाच अर्थ लावू. नागपुरात काय शक्य आहे? मेडिकल आणि मेयो या आपल्या दोन जुन्या सरकारी रुग्णालयांत एच.आय.व्ही.च्या औषधोपचाराची केंद्रे आहेत, आणि त्याच दोन रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. पडदा पाहणारे डॉक्टर आहेत, भिंगे आहेत, पडदा पाहावयास शिकणारे तरुण विद्यार्थी आहेत. बाहुली मोठी करणारे थेंब तर तेथे रोजच लागतात. एकाच आवारातील दोन दरवाजांमधले अंतर ओलांडणे 'शक्य' नाही असे कोणास म्हणावयाचे असेल तर त्याने ते लेखी द्यावे.

खरी अडचण त्या दोन दरवाजांच्या मधल्या वाटेवर आहे आणि ती कागदावर दिसत नाही. समजा, गडचिरोलीहून सुमारे १७० किलोमीटर एस.टी.ने प्रवास करून एक मजूर बाई आपल्या औषधांसाठी नागपुरास आली. तिचा एक दिवसाचा रोज बुडाला. तिला चिठ्ठी देऊन सांगितले, डोळ्यांची ओ.पी.डी. आता बंद झाली, उद्या या. ती उद्या येणार नाही. ती पुढच्या महिन्यात औषधांसाठी येईल तेव्हा चिठ्ठी हरवलेली असेल. शिवाय थेंब घातल्यावर तिला उन्हात एकटीने बस शोधणे जड जाणार, म्हणून सोबत एक माणूस हवा. म्हणजे दोन रोज बुडाले. जो अधिकारी या बाईविषयी 'रुग्ण सहकार्य करीत नाही' असे लिहितो, त्याने एकदा तिच्या पैशांचा हिशेब मांडून पाहावा. औषधे, रक्ताची तपासणी आणि पडद्याची तपासणी ही तिन्ही एकाच दिवशी, एकाच फेरीत झाली पाहिजेत. आठवड्यातून एक ठराविक दिवस नेत्रविभागाचा एक डॉक्टर औषधोपचार केंद्रातच येऊन बसला तर हा प्रश्न सुटतो.

कोणी दबक्या आवाजात असेही सुचवितात की डॉक्टरांना अशा रुग्णाच्या डोळ्याजवळ जाण्याची भीती वाटते. ही भीती शास्त्रास धरून नाही. अश्रूंतून एच.आय.व्ही. पसरत नाही, आणि भिंगाने पडदा पाहताना डॉक्टर हातभर अंतरावर उभा असतो. म्हणजे येथे स्पर्शाचा धोका नसतानाही स्पर्श टाळला जातो! धोका नसताना स्पर्श टाळणे या प्रकारास आपल्या देशात एक जुने नाव आहे. ते नाव आम्ही येथे लिहीत नाही. ज्यांनी ते भोगले त्यांना ते ठाऊक आहे. हा रोग 'त्यांच्या कर्माचे फळ' आहे असे म्हणणारा जो वर्ग आहे, त्याच्यासाठी नागपूरचीच एक गोष्ट सांगतो. २०२२ साली या शहरात रक्त चढविलेल्या थॅलेसेमियाच्या चार बालकांना एच.आय.व्ही.ची बाधा झाल्याचे उघडकीस आले. त्यांतील एक दगावले, आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगास महाराष्ट्र शासनाकडे जाब मागावा लागला. त्या मुलांनी कोणते कर्म केले होते? लहान मूल तर डोळ्याची तक्रारही करीत नाही. त्यास एका डोळ्याने दिसेनासे झाले तरी ते दुसऱ्याने खेळत राहते. मुलांच्या बाबतीत तक्त्यावर विसंबणे हा निव्वळ निष्काळजीपणा होय.

परंतु बांधवांनो आणि भगिनींनो, सारा दोष सरकारच्या आणि डॉक्टरांच्या दारात टाकून आम्ही मोकळे होणार नाही. आपल्या घरांतही पाहावे लागेल. या दुबळेपणात आणखी एक डोळ्याचा शत्रू येतो, तो म्हणजे नागीण. कपाळावर आणि पापणीवर एकाच बाजूस फोडांची रांग उठते, आग होते, आणि नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर डोळ्याच्या आतही रोग शिरला असण्याचा मोठा संभव असतो. पहिल्या तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा गुण सर्वाधिक येतो. ते तीन दिवस आपल्याकडे कोठे जातात? गेरू फासण्यात आणि मंत्र घालून घेण्यात जातात. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस मरतो, असे सांगणाऱ्या मांत्रिकाच्या दारी रांग लागते. जुन्या देवांची तसबीर भिंतीवरून उतरविली आणि मांत्रिकास मात्र मागील दाराने आत घेतले, तर आपण नेमके काय सोडले? तरुणास नागीण झाली असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावे आणि एच.आय.व्ही.ची चाचणीही शांतपणे करवून घ्यावी. आणि ज्या घरात सून वा मुलगा औषधे घेत आहे तेथे त्याचे ताट निराळे ठेवण्याचा प्रकार बंद झाला पाहिजे. ज्याच्या ताटाची लाज वाटते तो आपल्या डोळ्यांसमोर आलेली जाळी घरात कोणाला सांगणार?

ओघाने आलेली एक गोष्ट येथेच नोंदवून ठेवतो. १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकात मध्य भारतातील सिकलसेलविषयी लिहिले. तो रोग आपल्या घरोघरी आहे. त्यातही पडद्याची हानी कडेच्या बारीक रक्तवाहिन्यांपासून सुरू होते आणि तक्ता पुष्कळ काळ चांगलाच वाचता येतो. तेव्हा केंद्रात भिंग आणि दिवा आला तर त्याचा उपयोग एकाच रोगाच्या लोकांना होईल असे नाही.

घरी काय करता येईल? दर आठवड्यास, एका डोळ्यावर तळहात ठेवून समोरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेच्या मधल्या तारखेवर नजर रोखावी आणि नजर न हलविता तिच्या चारही कडा दिसतात काय ते पाहावे. मग दुसरा डोळा. एखादा कोपरा गळाला, पडदा ओढल्यासारखे झाले, ठिपके वाढले, चमक आली, तर महिन्याच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जावे. घरच्या या परीक्षेत पास झाल्याने मात्र डॉक्टरच्या भिंगापासून सुटका होत नाही. केंद्रावर गेल्यावर आपल्या सी.डी.-४ पेशींचा आकडा विचारून वहीत लिहून घ्यावा. तो १०० च्या खाली असेल तर स्पष्ट शब्दांत म्हणावे, "माझी बाहुली मोठी करून पडदा पाहा." नुसती दृष्टी मोजून परत पाठविले तर तसे कागदावर लिहून मागावे. मोठ्या रुग्णालयांत या कायद्याप्रमाणे तक्रार अधिकारी नेमलेला असला पाहिजे. त्याचे नाव विचारावे. आपला रोग रांगेत मोठ्याने पुकारला जाऊ नये हाही आपला हक्क आहे आणि तो मागताना संकोच करू नये.

आणि ज्यांच्या घरी हा रोग नाही त्यांनाही एक काम आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज कोणताही नागरिक करू शकतो. त्यास १० रुपये लागतात आणि दारिद्र्यरेषेखालील माणसास तेही लागत नाहीत. त्यात कोणाचेही नाव न विचारता दोनच आकडे मागावेत: गेल्या वर्षी आपल्या जिल्ह्यातील औषधोपचार केंद्रांत १०० पेक्षा कमी पेशी असलेले किती रुग्ण नोंदले गेले, आणि त्यांपैकी किती जणांच्या डोळ्यांचा पडदा बाहुली मोठी करून पाहिला गेला. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. प्रत्येक तालुक्यातून एक तरी अर्ज जावा, आणि आलेल्या उत्तराची प्रत वस्तीतील वाचनालयाच्या फलकावर लावावी.